आधी रविवार, मग छंद

‘द सिम्स ४’ या संगणक-खेळासाठी मार्च २०२५ मध्ये ‘बिझनेसेस अँड हॉबीज’ नावाचा पॅक, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा विकतचा भाग, आला आणि सिम्स खेळणाऱ्यांमधला एक जुना वाद पुन्हा पेटला. आयुष्याची नक्कल करणाऱ्या खेळात छंद आणि विरंगुळ्याच्या गोष्टी अजून किती घालायच्या, हा तो वाद. एक बाजू यादी हातात घेऊन उभी असते. विणकाम होतंच, आता कुंभारकाम आलं, टॅटू काढणं आलं, मग कॅरम का नाही? दुसरी बाजू पावती हातात घेऊन उभी असते. एका पॅकला साधारण ४० डॉलर मोजायचे, तर कुंभाराचं चाक मूळ खेळातच दिलं असतं तर काय बिघडलं असतं? यादीवाले संख्या मोजतात, पावतीवाले पैसे मोजतात. मला हा सगळा प्रकार ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा वाटतो. छंद दहा आहेत की चाळीस, यावर काहीच ठरत नाही. त्या पडद्यावरच्या माणसाला एखादी गोष्ट निव्वळ आवडते म्हणून, कशाचाही फायदा न होता आणि कुठेही न पोचता, करत राहण्याची मुभा खेळाचे नियम देतात की नाही, यावर सगळं ठरतं. आज ती मुभा जवळपास नाही. म्हणून प्रत्येक नवा छंद हा खरं तर नव्या नावाची नोकरी होऊन बसतो. या पॅकच्या नावात धंदा आधी आणि छंद नंतर आहे, हे निदान प्रामाणिक तरी म्हणायचं.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिम्समध्ये तुम्ही एक माणूस किंवा अख्खं कुटुंब घडवता, त्यांना घर बांधून देता आणि मग त्यांचा दिवस चालवता. विल राइट यांच्या कल्पनेतून मॅक्सिस कंपनीने पहिला भाग फेब्रुवारी २००० मध्ये आणला. त्यात सिमच्या, म्हणजे खेळातल्या माणसाच्या, आठ गरजा होत्या: भूक, आराम, स्वच्छता, शौच, झोप, करमणूक, माणसांची सोबत आणि नीटनेटकी खोली. म्हणजे करमणूक पहिल्या दिवसापासून आहे, आणि तीही भुकेच्या रांगेत. हे मोठंच धाडस होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण पहिल्या सिम्समध्ये आठवड्याचे वारच नव्हते! सिम रोज कामावर जायचा. सकाळी गाडी दारात येऊन हॉर्न वाजवायची, एक दिवस दांडी चालायची, लागोपाठ दोन दिवस मारली की नोकरी गेली. मुलांना शाळाही रोज. दिवस आपल्या घड्याळाची सुमारे २४ मिनिटं चालायचा आणि त्यातली जी काही मिनिटं कामातून, अंघोळीतून, साफसफाईतून उरायची, त्यात करमणुकीची गरज दाखवणारी पट्टी लाल होऊ नये म्हणून सिमला टीव्हीसमोर बसवायचं. बुद्धिबळाचा पट असायचा, पण त्यावर बसलं की तर्काचं कौशल्य वाढायचं, आणि वरच्या पदासाठी तर्क लागायचा. पियानोने सर्जनशीलता वाढायची, तीही बढतीला उपयोगी. मित्र किती आहेत हेसुद्धा बढतीच्या अटींमध्ये होतं. शुद्ध निरुपयोगी सुख मुख्यतः टीव्हीपुढे.

रविवार नसलेलं जग ही आपल्यासाठी काल्पनिक गोष्ट नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये एकोणिसाव्या शतकात कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित करून ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कामगाराला भजन यायचं नाही, कुस्ती यायची नाही, तमाशा आवडायचा नाही म्हणून तो गिरणीत रोज राबत होता का? आवडी त्याच्या गावाहून त्याच्याबरोबरच आल्या होत्या. नव्हता तो वार. छंदांच्या याद्या करणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा असं मला वाटतं. सिम्सच्या जगातही तो तसाच घडला. २००४ मध्ये ‘सिम्स २’ आला, त्यात आठवड्याला वार मिळाले, नोकऱ्यांना सुट्टीचे दिवस मिळाले. आणि त्यानंतर चार वर्षांनी, फेब्रुवारी २००८ मध्ये, छंदांवरचा पहिला खराखुरा पॅक आला, ‘फ्रीटाइम’.

‘फ्रीटाइम’वर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आजच्या वादात त्याचं नाव निघतं ते फक्त ‘त्यात दहा छंद होते’ एवढ्यापुरतंच. स्वयंपाक, हस्तकला, सिनेमा आणि साहित्य, मैदानी खेळ, बैठे खेळ, निसर्ग, यंत्रांशी खटपट, व्यायाम, विज्ञान, संगीत-नृत्य असे दहा होते हे खरं. पण त्यातली कमाल दहा या आकड्यात नव्हती. त्या पॅकने कौशल्य आणि ओढ या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. एखाद्या सिमला स्वयंपाकात काडीचं येत नसेल, तरी टीव्हीवर पाककृतींचा कार्यक्रम बघून, मासिकं वाचून, दुसऱ्याशी त्याविषयी बडबडून त्याची ओढ वाढू शकायची. आणि तो बरेच दिवस तिकडे फिरकला नाही तर ओढ ओसरायचीही. हे किती बरोबर आहे! क्रिकेटवर तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला बॅट धरता यायला हवी, अशी अट आपल्याकडे कोणी घातली आहे? दुसरी गोष्ट याहून सुंदर होती. प्रत्येक सिमचा एक छंद जन्मतःच ठरलेला असायचा आणि तो खेळणाऱ्याने निवडलेला नसायचा. तुम्ही त्याला जिममध्ये पाठवत राहायचं आणि त्याचा जीव मात्र नादुरुस्त गाडीत. मालकाचं, म्हणजे आपलं, सिमच्या आवडीपुढे काही चालत नाही, ही जाणीव त्या नियमाने करून दिली. त्यातही बनवलेल्या वस्तू विकता यायच्या, पण विक्री हे त्या व्यवस्थेचं केंद्र नव्हतं.

मग पुढे काय झालं? ‘सिम्स ४’ २०१४ मध्ये आला आणि त्यात ओढीचं ते वेगळं माप नव्हतं, होतं फक्त कौशल्य. बहुतेक कौशल्यांना दहा पायऱ्या. एक ते दहा चढत जायचं, प्रत्येक पायरीवर काहीतरी नवं उघडतं, दहावर पोचलात की संपलं. २०१५ च्या ‘गेट टुगेदर’मध्ये सिम्सचे क्लब आले, चार जण जमून एकत्र वाचतात, नाचतात, गप्पा मारतात, आणि त्या गप्पांचेही गुण जमा होतात! २०२० चा विणकामाचा पॅक तर खेळणाऱ्यांच्या मतदानातून ठरला होता. लोकांनी मागितलं विणकाम. त्याबरोबर आलं प्लॉप्सी नावाचं ऑनलाइन दुकान, जिथे विणलेला स्वेटर विकायला लावता येतो. आजी नातवासाठी स्वेटर विणते ही गोष्टही शक्य आहे, नाही असं नाही. पण स्वेटर पूर्ण झाला की त्याला किंमत चिकटलेली असतेच, जशी इझलवरच्या प्रत्येक चित्राला असते, फसलेल्या चित्रालासुद्धा. २०२५ चा पॅक हा या वाटेवरचा मुक्काम आहे, अपघात नाही. मातीचं भांडं बनवा, भट्टीत भाजा, दुकान थाटा, तासावर पैसे घ्या की दारावर घ्या हे ठरवा. न्यायाची बाजू म्हणून हेही नोंदवतो की २०२१ पासून सिमला काय आवडतं आणि काय नावडतं हे नेमून देता येतं, आणि आवडीचं काम करताना त्याला बरं वाटतं. पण तिथे आवड नेमून देणारे आपण. ‘फ्रीटाइम’मधला तो हट्टी, आपलं न ऐकणारा जीव आता राहिला नाही.

आयुष्याचे खेळ रिकामपणाला इतके का घाबरतात? याचं उत्तर संगणकाच्या आधीच्या काळात सापडतं. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली यांनी १८६० मध्ये आयुष्यावरचा एक पटाचा खेळ काढला. चौसष्ट घरं, शेवटी सुखाचं म्हातारपण. त्यात उद्योगाच्या घरातून तुम्ही संपत्तीकडे जायचात आणि आळसाच्या घरातून बदनामीकडे. फासे जुगाराची आठवण करून देतात म्हणून त्याऐवजी भिरभिरं दिलेलं. शंभर वर्षांनी, १९६० मध्ये, त्या खेळाची नवी आवृत्ती आली. पाप-पुण्य गळालं आणि लाखोपती होणं हे उद्दिष्ट झालं. नुसतं बसणंही ठीक आहे असं सांगणारं घर १८६० च्या पटावर नव्हतं. चौसष्ट घरांवरून आपल्या चौसष्ट कला आठवतात. वात्स्यायनाने कामसूत्रात नागरकाची, म्हणजे शहरी रसिकाची, दिनचर्या दिली आहे: जेवणानंतर पोपट-मैनांना बोलायला शिकवायचं, लाव्यांच्या, कोंबड्यांच्या, एडक्यांच्या झुंजी बघायच्या, दुपार कलली की मंडळी जमवून गोष्टी करायच्या. ही सगळी पैसेवाल्याची चैन आहे, आणि तिच्यामागे राबणारे हात त्या वर्णनात दिसत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी पोपट किती शब्द बोलला याचे गुण तिथे कोणी मांडत नाही. ब्रॅडलींचा पट आणि वात्स्यायनाचा नागरक यांच्यात सिम्स पहिल्याच्या घराण्यातला आहे, हे मात्र मान्य करावं लागेल.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भारी मुद्दा. तो असा की छंदातून पैसे मिळवणं ही खेळाने लादलेली विकृती नाही, ते खरं आयुष्य आहे. आणि त्याकडे नाक मुरडणं हा ज्यांचं पोट आधीच भरलेलं आहे त्यांचा नखरा आहे. भरतकाम, लोणची-मसाले, मेंदी, शिवण यांवर किती घरं उभी राहिली हे मराठी वाचकाला सांगायला नको. आणि याला साक्षीदार पुन्हा वात्स्यायनच. चौसष्ट कला मोजून झाल्यावर तो म्हणतो की पतीचा वियोग झाला, मोठं संकट कोसळलं, तरी या विद्यांच्या जोरावर स्त्री परदेशातही सुखाने जगू शकते. म्हणजे ज्याला मी रिकामपणाचा साक्षीदार म्हणून उभा केला, तोच कलेला आडवेळेची कमाई म्हणतो. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. एखाद्या खेळणाऱ्या मुलीने आपल्या सिमला दोन भांडी विकून घरभाडं भरायला लावलं, तर त्यात एक सन्मान आहे, आणि तो खेळात असावाच.

पण ‘हे खरं आयुष्य आहे’ हा युक्तिवाद करायचा तर तो अर्ध्यावर सोडता येणार नाही. खऱ्या आयुष्यात छंदाचा धंदा झाला की छंदाचं काहीतरी होतं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. स्टॅनफर्डच्या बालवाडीत रंगीत पेनांनी चित्रं काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल, आणि दिलं. काहींना काही न सांगता नंतर अचानक बक्षीस दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात, बक्षिसाचा विषय संपल्यावर, आधीपासून बक्षीस ठरलेली मुलं त्या पेनांकडे इतरांपेक्षा कमी वळली. बक्षिसाने चित्र थांबलं नाही, चित्राची ओढ उतरली. सिम्समध्ये हे कुठे आहे? तिथला कुंभार दिवसाला दहा ऑर्डरी पुऱ्या करतो आणि अकराव्या भांड्याला त्याचा उत्साह पहिल्याएवढाच. त्याला कधी वाटत नाही की आज चाकाला हात लावू नये. वास्तवाची बाजू घेणाऱ्यांनी वास्तवाची किंमतही नियमांत घालावी. विक्रीसाठी केलेल्या प्रत्येक वस्तूमागे ओढ थोडी खाली उतरू द्या, नुसतं आपल्यासाठी केलेल्या वस्तूने ती वर येऊ द्या. मग भाडं भरायचं की चाक आवडतं ठेवायचं, हा खरा पेच खेळणाऱ्यापुढे येईल. पेचाशिवाय कसला आलाय खेळ?

दुसरा आक्षेप खेळ बनवणाऱ्यांचा, आणि तोही पोकळ नाही. ते म्हणतात, पायऱ्या आणि गुण काढून टाकले तर खेळणारा करणार काय? पडद्यावर एक बाहुली बासरी वाजवतेय हे किती वेळ बघायचं? माणसाला पुढे सरकल्याची खूण लागते, आणि आकडा ही सर्वांत स्वस्त, सर्वांत स्पष्ट खूण आहे. खरं आहे. पण ती एकमेव नाही. १९८५ मध्ये अॅक्टिव्हिजनने ‘लिटल कॉम्प्युटर पीपल’ नावाचा खेळ काढला होता, डेव्हिड क्रेन यांचा. एक तीन मजली घर, त्यात एक माणूस आणि त्याचा कुत्रा. तो पियानो वाजवायचा, वर्तमानपत्र वाचायचा, टाइपरायटरवर तुम्हाला पत्र लिहायचा, तुमच्याशी पत्ते खेळायचा. जिंकणं नाही, पायरी नाही, पगार नाही. सिम्सच्या पंधरा वर्षं आधी, आजच्या फोनच्या नखाएवढ्याही नसलेल्या मेमरीत, एक निरुद्योगी माणूस बघण्यासारखा करून दाखवला होता! कसा? तो तुमच्याकडे वळून काहीतरी करायचा म्हणून. पत्र यायचं, पत्त्यांचा डाव मांडला जायचा. निन्टेन्डोच्या ‘अॅनिमल क्रॉसिंग’मध्ये मासे विकून कर्ज फेडता येतं, ते काही साधुसंतांचं बेट नाही, पण तिथे गळ टाकण्याचं कौशल्य एकपासून दहापर्यंत चढत नाही, आणि नवा मासा संग्रहालयाला दिला तर तिथला घुबड त्या माशाविषयी माहिती सांगत बसतो. मासा विकायचा की दाखवायचा, हा निर्णय दर वेळी खेळणाऱ्याचा. मोसमाप्रमाणे मासे बदलतात, म्हणून वाट बघावी लागते. पुढे सरकल्याची खूण इथेही आहे, फक्त ती खेळणाऱ्याच्या कुतूहलात आहे, सिमच्या डोक्यावरच्या पट्टीत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत रंजक वाटतो. खेळणं हाच मुळात खेळणाऱ्याचा छंद आहे, मग छंदाच्या आत छंद हवाच कशाला? दिवसभर ऑफिसात मान मोडून आलेला माणूस रात्री सिम्स लावतो, त्याला सिमची बढती बघायला आवडत असेल तर तुमच्या पोटात का दुखतं? दुखत नाही. पण असा विचार करून बघा: याच माणसाला स्वतःच्या रिकाम्या वेळात, कोणीही बळजबरी केलेली नसताना, बढतीचीच नक्कल करावीशी का वाटते? त्याला तेच आवडतं हे एक उत्तर झालं. दुसरं उत्तर असं की खेळाने त्याच्यापुढे आनंदाचं दुसरं कुठलं रूप चांगलं रंगवून ठेवलेलंच नाही. नियम ज्याला गुण देतात तिकडे खेळणारा जातो, यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही. पहिल्या सिम्समध्ये मित्र बढतीसाठी लागत होते म्हणून लोक शेजाऱ्यांना यंत्रवत फोन लावत बसायचे. मित्रांची आवड त्यांना नव्हती असं थोडंच आहे!

आपल्याकडच्या खेळणाऱ्यांची मागणी बहुतेक वेळा ‘आमच्या गोष्टी घाला’ अशी असते, आणि ती रास्त आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून प्रेरणा घेतलेले कपडे ‘सिम्स ४’मध्ये आले, तेव्हा इथे आनंद झाला. पण कपडे आणणं सोपं. मुंबईकर ते कपडे घालून संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बसतो आणि दोन तास काहीही करत नाही, हे कसं आणणार? आजच्या नियमांत कट्टा आणला तर ‘कट्टा कौशल्य’ तयार होईल, पाचव्या पायरीवर चहा फुकट मिळेल आणि दहाव्यावर टपरी काढता येईल. पतंग, रांगोळी, ढोल-ताशा, सगळ्यांचं हेच होणार. नियम बदलल्याशिवाय आमच्या गोष्टी मागणं म्हणजे त्याच गिरणीत आमचीही माणसं भरती करा म्हणण्यासारखं आहे.

पैशाच्या तक्रारीवर फार बोलण्यासारखं काही नाही. पॅक महाग आहेत, मूळ खेळ २०२२ पासून फुकट असला तरी बाकीचं सगळं विकत घेताना खिसा रिकामा होतो, आणि कंपनीला नफा हवा आहे. ही तक्रार बरोबर आहे, पण उद्या हेच पॅक फुकट दिले तरी कुंभार तसाच राबत राहील.

मला हवं ते एका पॅकच्या आवाक्यातलं आहे. ‘फ्रीटाइम’सारखं ओढीचं माप कौशल्यापासून वेगळं करा. सिमचा एक छंद आपल्याला न विचारता ठरू द्या. काही छंद असे ठेवा की ज्यांना दहावी पायरीच नाही, माणूस पन्नास वर्षं पेटी वाजवतो आणि मध्यमच वाजवतो, शेजारी कुरकुरतात, त्याचं काही अडत नाही. बनवलेल्या वस्तूवर किंमत तेव्हाच दिसू द्या जेव्हा खेळणारा स्वतः तिला विकायला ठेवेल. आणि सुट्टीच्या दिवशी काहीही न केल्याचा दंड करमणुकीच्या पट्टीला बसू देऊ नका.

असला पॅक विकत कोण घेणार, असं विचारलं जाईल, आणि विचारणारे धंद्यातले जाणते लोक असतील. तशाच जाणत्यांनी विल राइट यांच्या मूळ कल्पनेला नाक मुरडलं होतं. नव्वदच्या दशकात बाहुलीघराचा हा खेळ लोकांपुढे चाचणीसाठी मांडला तेव्हा प्रतिसाद वाईट आला आणि मॅक्सिसच्या संचालकांनाही तो पटला नाही. भांडी घासायची, संडास साफ करायचा, झोपायचं, असला खेळ पैसे देऊन कोण खेळणार? २००२ मध्ये त्याच खेळाने ‘मिस्ट’ या खेळाला मागे टाकलं आणि तोवरचा सर्वाधिक खपलेला संगणक-खेळ ठरला. भांडी घासणं ज्यांना विकता आलं, त्यांना कट्ट्यावर बसणं विकता येणार नाही असं मला तरी वाटत नाही.